आठ दिवसांची बोली

"चाकणच्या बाजारात माज्या हातनं गेलेलं जनावर आजवर माघारी आलं न्हाई," दत्तोबा म्हणाला आणि पायरीवर पाय लांब करून बसला. "एका डोळ्याचा बैल खपवलाय मी. गिऱ्हाइकाला म्हणलं, दुसरा डोळा असता तर ह्यो तुमच्या वाट्याला आला असता का? पटलं त्येला. घिऊन गेलं बापडं."

दत्तोबा म्हणजे मंजुळाबाईचा धाकटा भाऊ, घरधनी मालोजीचा मेव्हणा. चाकणला बैलांची दलाली करायचा. तिकडं खुरकुताची साथ आली, बाजार बंद झाला, तसा तो पिंपरीच्या शिवारात बहिणीकडं येऊन पडला होता. सकाळी भाकरी खायची आणि दिवसभर बाजार सांगायचा, असा त्याचा नेम होता.

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत बोळातनं कवड्या आला.

कवड्या ह्याच घरचा बैल. बाजार बंद व्हायच्या आधीच्या शनिवारी दत्तोबानंच त्याला विकला होता. कासरा धरून खेडचा एक म्हातारा चालत होता आणि म्हाताऱ्याच्या डोक्याला अर्धाच पटका होता. उरलेल्या अर्ध्याचा लाल दोरा अजून कवड्याच्या ओठाला चिकटलेला होता.

"आठ दिवसांची बोली हाय," म्हातारा म्हणाला. "ह्यो कापाड खातो. आल्या आल्या माजं धोतार खाल्लं. मग सुनंचं लुगडं. आज हिकडं येताना मोशीपाशी जरा टेकलो, डोळा लागला, तर पटका खाल्ला. हे का सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं न्हाई," दत्तोबा म्हणाला.

"बैल कापाड खातो का, असं कोण इचारतं?"

बाजाराची रीत जुनी आहे. जनावर विकताना त्याची खोड सांगायची. न सांगितलेली खोड आठ दिवसांत निघाली तर मालकानं तोंड वर न करता जनावर परत घ्यायचं. मालोजीनं तोंड वर केलं नाही. म्हाताऱ्याचे पैसे आतनं आणून दिले, कासरा हातात घेतला, आधी दांडीवरचं धुणं काढलं आणि मग कवड्याला अंगणात खुंट्याला बांधलं.

दत्तोबा तेवढ्यात सावरला होता. "बैलाचं सोडा, दाजी. मुक्या जनावराला आपलं हित कळत न्हाई. माणूस असता तर असा माघारी आला नसता. माणूस खपवायला सोपा. शिंगं न्हाईत, शेपूट न्हाई, बघणारा बघून बघणार काय?"

"माणूस हाय घरात," मालोजी म्हणाला. "खपव."

घरातला माणूस म्हणजे सयाजी, मालोजीचा मुलगा. तो त्या वेळी खांद्याला खोबरेल लावत बसला होता. मुरमाच्या पाट्या उचलून त्याच्या खांद्याचं कातडं गेलं होतं.

मालोजीचं विहिरीखालचं रान खिळ्यांच्या कारखान्यात गेलं होतं. "एवढ्या काळ्या रानात खिळं करणार?" असं त्यानं तलाठ्याला विचारलं होतं. "देशाला खिळे लागतात," तलाठी म्हणाला होता. त्या सालचं जोंधळ्याचं बी घरात तसंच राहिलं, ते मंजुळाबाईनं दळून खाल्लं. आता कारखान्याची इमारत उठत होती आणि नवरा, बायको, मुलगा तिघंही कंत्राटदाराच्या हाताखाली आपल्याच रानात मुरूम वाहत होते. मंजुळाबाईची मान पाटीखाली आखडायची, मग ती घरी येऊन भाकरी थापताना मान न वळवता नुसते डोळे वळवून बोलायची. विहीर तारेच्या कुंपणाच्या आत गेली होती. तिच्यावर बाहेरगावचा एक रखवालदार बसवला होता.

"पास?" मालोजी घागर घेऊन गेला की तो विचारायचा.

"कसला पास? ही हीर माज्या बापानं खणलीया."

"त्यांचा पास हाय का?"

मालोजी ओढ्यावर जाऊन पाणी आणायचा.

इमारत उभी राहिली की पाट्यांचं कामही संपणार होतं. मग रानही नाही आणि कामही नाही. एकच आशा होती. गेटवर पाटी लागली होती की ज्यांची रानं गेली त्या घरटी एक माणूस कायम घेण्यात येईल, इच्छुकानं अर्ज आणि ओळखीच्या इसमाची शिफारस घेऊन यावं. सयाजी सातवी पास होता. ती जागा त्याला मिळाली तर घर तगणार होतं. नाही मिळाली तर तिघांनी पाट्या उचलून दुसऱ्या कुणाच्या रानातली इमारत शोधायची.

सयाजीनं आपला अर्ज आपणच लिहून ठेवला होता. दत्तोबानं तो मागून घेतला आणि लांब धरून वाचला. नाव, गाव, रान गेल्याचं, सातवी पास, काम मिळावं. चार ओळी.

"ह्यात माणूस कुठाय?" दत्तोबा म्हणाला. "ही तर कोंबडी चोरीला गेल्याची फिर्याद वाटती. आरं, गिऱ्हाइकाच्या डोळ्याम्होरं माल हुबा ऱ्हायला पायजे. कागद आण दुसरा."

त्यानं सयाजीला अंगणात उभं केलं. त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. खांदा दाबला, तसा सयाजी कळवळला. पोटरी चाचपली. "तोंड उघड," म्हणाला. मग पायरीवर बसून, जीभ गालात धरून लिहायला लागला. बैलांच्या पावत्या लिहूनच त्याचं अक्षर वळलं होतं, आणि लिहिताना तो मोठ्यानं वाचत होता.

"पोरगा एक. नाव सयाजी मालोजी. रंग गव्हाळ. बांधा आडवा. दात पुरे, मागली एक दाढ किडकी, पण खाण्याला अडत नाही. दोन्ही खांद्यांनी चालतो. ओढ चांगली. चढाला थांबत नाही, उताराला पळत नाही. रात्रीचा बुजत नाही. मोटारीच्या आवाजाला सरावलेला. बायकापोरांत गरीब. चारा बेताचा."

"चारा?" मंजुळाबाई दारातनं म्हणाली.

"जेवान लिवतो, आक्का. आता खोड."

"माज्या पोराला खोड न्हाई."

"हितंच गिऱ्हाईक मोडतं बघ. खोड सांगितली न्हाई तर ते शिंगापास्नं शेपटापतुर खोडच हुडकत बसतं. एक सांगायची, म्हंजे बाकीच्या झाकत्यात. काय सांगू?"

"झोपतो," मालोजी म्हणाला.

"ही न्हाई सांगायची. कारखान्याला हीच नडती."

बराच वेळ घरात सयाजीच्या खोडी निघत राहिल्या. उशिरा उठतो, न्हाणीत गाणी म्हणतो, आईला उलट बोलतो. सयाजी तिथंच उभा होता. अखेर दत्तोबानं लिहिलं, "खोड एकच. भूक लागली की कुणाचे ऐकत नाही." त्याखाली शिफारस लिहिली. "सदर पोरगा जन्मापासून माझ्या नजरेतला आहे. चालवून बघावे, मग घ्यावे. बोली आठ दिवसांची. न सांगितलेली खोड निघाल्यास घरचे लोक बिनतक्रार परत घेतील. दत्तोबा, दलाल, चाकण."

"मामा, सातवी ऱ्हायली," सयाजी म्हणाला.

"ऱ्हायली न्हाई, ठिवली. आरं, हुकमी गोष्ट पयल्यांदा दावत न्हाईत. गिऱ्हाईक झटकून उठाया लागलं की मग काढायची. तवर दाखला टोपीत झाकून ठेव."

त्यानं सयाजीच्या चार ओळींचा कागद घेतला, त्यात तंबाखू बांधली आणि कनवटीला लावली.

लेबर साहेबाचं ऑफिस पत्र्याचं होतं आणि ते नेमकं मालोजीच्या खळ्यावर उभं होतं. खळ्यात पायताण घालत नाहीत. सयाजी दारात सवयीनं वहाणा काढायला लागला.

"असू द्या, असू द्या," साहेब म्हणाले. "इथं देव नाही."

साहेब पुण्याचे. टेबलावर अर्जांची चळत होती. सगळे चिंचवडच्या एकाच लेखनिकानं लिहिलेले, सगळ्यांत तेच 'कृपाळू मायबाप' आणि तेच 'आपला आज्ञाधारक'. साहेबांना सकाळपासून झोप येत होती. दत्तोबाचा कागद त्यांनी तशाच पेंगुळल्या डोळ्यांनी उचलला, दोन ओळी वाचल्या आणि चष्मा पुसला. मग कारकुनाला हाक मारली. कारकुनानं मोठ्यानं वाचला. ऐकायला बाहेरचे दोन ट्रक ड्रायव्हर येऊन दारात उभे राहिले.

"'चालवून बघावे' असं लिहिलंय," साहेब म्हणाले. "चाल बघू."

सयाजी दारापर्यंत गेला आणि परत आला.

"वळतो छान," कारकून म्हणाला. ड्रायव्हर हसले.

सयाजीचे कान तापले. पण मामानं वाटेतच बजावून ठेवलं होतं. बाजारात मालक बोलला की दाम पडतो, आणि माल बोलला तर सौदाच मोडतो. तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मामा बोलणार.

"लिहिता-वाचता येतं का रे?" साहेबांनी विचारलं.

सयाजीनं मामाकडं बघितलं. मामानं आपली वहाण त्याच्या अंगठ्यावर ठेवली.

"मुका आहे का?"

"गरीब हाय," दत्तोबा म्हणाला. "लिवलंय की तसं."

"शिकेल का काही?"

"वळवाल तसा वळंल, साहेब."

सयाजीनं टोपीला हात लावला. टोपीत दाखला होता. मामानं मान हलवली, अजून नाही. गिऱ्हाईक काही उठत नव्हतं. उलट खुर्ची पुढं ओढून बसलं होतं.

"आता दामाचं बघू," दत्तोबा म्हणाला आणि खांद्यावरचं उपरणं काढलं. "पोराला जरा भाईर पाठवा. दाम ठरताना माल म्होरं नसावा."

सयाजी बाहेर गेला. खिडकीतनं त्याला आतलं दिसत होतं. मामानं आपल्या हातावर उपरणं टाकलं आणि हात साहेबांपुढं केला. साहेब आधी मागं सरले, मग त्यांनी हळूच आपला हात उपरण्याखाली घातला. चाकणच्या बाजारात भाव असाच ठरतो. दोघं कापडाखाली एकमेकांची बोटं दाबतात, तोंडानं आकडा कुणी काढत नाही, बघणाऱ्यांना नुसतं कापड हललेलं दिसतं. उपरणं हललं. साहेब हसले. परत हललं. साहेब जास्तच हसले, आणि मग एकदम हसायचे थांबून मामाशी बोलायला लागले. बराच वेळ बोलले. मामा खुर्चीवर बसला. मामाला खुर्ची दिली म्हणजे काम झालं, असं सयाजीला वाटलं, आणि त्यानं कुंपणापलीकडच्या आपल्या बोरीकडं बघून टोपी नीट केली.

मामा बाहेर आला तो उपरण्याच्या घड्या घालत आला.

"झालं," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी गेटवर ये."

घरी येईस्तोवर मामा सयाजीच्या चार पावलं पुढं चालला. मंजुळाबाईनं हातावर गूळ ठेवला तर दाढ दुखते म्हणाला. अंधार पडायच्या आत चिंचवडला ओळखीच्याकडं जातो म्हणून निघून गेला. मंजुळाबाईनं पिंपरी कॅम्पातल्या शिंप्याकडनं सयाजीला खिशाचा सदरा शिवून आणला, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. मालोजी कितीतरी महिन्यांनी चावडीवर जाऊन बसला. "आमचा कायम झाला," असं त्यानं न विचारता चौघांना सांगितलं.

सोमवारी सयाजी नवा सदरा घालून गेटवर गेला. गेटवर तोच विहिरीवरचा रखवालदार होता.

"मालोजीच्या घरचा," सयाजी म्हणाला.

"मालोजीच्या घरचा मघाच आत गेला. मुकादम. त्यो काय."

आत, खळ्याच्या कडेला, दत्तोबा उभा होता. अंगात खाकी कोट, गळ्यात शिटी, खांद्यावर तेच उपरणं. सयाजीला बघून त्यानं शिटी तोंडात घातली आणि परत काढली.

"आलास? येळंवर आलास ते बरं झालं."

"मामा, जागा माजी हाय."

"घराची हाय. घरटी एक. ती भरली."

"कुणी भरली?"

"माज्याकडं असं बघू नगंस. गिऱ्हाईक बैल बघाया आलं आन् दलालावरच त्येचं मन बसलं, तर दलालानं काय करावं? वर्सानुवर्सं बाजारात घालवली मी, मला कुणी इचारलं न्हाई, दत्तोबा, तुमचं काय घ्याल. साहेबानं इचारलं."

"रान तुमचं गेलं व्हय?"

"दाजींचं ते माजंच, असं म्हणलो. खोटं हाय का? आक्का माजीच न्हवं?"

"सातवीचं तरी सांगितलंसा का?"

"सांगणार व्हतो की. गिऱ्हाईक उठाया लागलं की काढायची, असं ठरलं न्हवतं का आपलं?" दत्तोबा म्हणाला. "ते उठलंच न्हाई."

साहेबांना आवडलं होतं ते उपरणं. मजूर एकमेकांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, विचारायचे आणि सकाळी सकाळी ऑफिसपुढं भांडायचे. आता प्रत्येकाचा रोज मुकादम उपरण्याखाली ठरवणार, ज्याचा त्याला ठाऊक, शेजारच्याला पत्ता नाही. एवढी चांगली युक्ती शेजारी चाकणला असताना आपण ती कुठल्याच पुस्तकात वाचली नाही, याचं साहेबांना नवल वाटलं होतं.

मागं मजुरांची रांग लागली होती. दत्तोबानं हातावर उपरणं टाकलं.

"तुला मी सोडीन व्हय? माल चढवायच्या टोळीत घितलाय तुला. घाल हात."

सयाजीनं हात घातला. मामाच्या गरम बोटांनी त्याची बोटं धरली, दाबली, आणि मग त्यातलं एक सोडून दिलं. एक बोट कमी, म्हणजे रोज तेवढा कमी.

सयाजीनं मामाच्या तोंडाकडं बघितलं.

"भाच्याला जास्ती दिलं तर बाकीचं काय म्हणतील?" दत्तोबा हळू आवाजात म्हणाला.

"त्यास्नी कळणार कसं? उपरण्याखाली हाय न्हवं?"

दत्तोबानं उपरणं ओढून घेतलं. त्यानं शिटी वाजवली.

सयाजीनं नव्या सदऱ्यावर दिवसभर इमारतीच्या लोखंडी सळया चढवल्या. मामानं दाबलेली बोटं त्यानं घरी कुणालाच सांगितली नाहीत. बाकीचं सगळं सांगितलं. मंजुळाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं मान वळवली नाही, डोळेही वळवले नाहीत. तव्यावरची भाकरी जळाली तरी ती तशीच बसली होती.

"माज्या हातनं गेलेलं जनावर माघारी येत न्हाई म्हणत व्हता," मालोजी म्हणाला. "खरंच म्हणत व्हता. ह्यो आता सवताच खपला, कशाला येतोय माघारी."

पुढं चार दिवस मंजुळाबाई पाट्या वाहताना भावाच्या समोरनं जात-येत होती. तो शिटी वाजवायचा, ती पाटी टाकायची. तिच्या रोजासाठीही त्यानं उपरणं पुढं केलं होतं. तिनं त्याखाली हात घातला नाही. "तुला द्यायचं ते दे, बोटं लावू नगंस," म्हणाली. पाचव्या दिवशी ती डोक्यावरच्या पाटीसकट साहेबाच्या ऑफिसात शिरली.

"साहेब, बोली आठ दिवसांची हाय. कागदावर लिवलंय. आमचा माल आमी माघारी घेतो."

"कोणता माल?"

"मुकादम. भाऊ हाय माजा. त्येची खोड सांगायची ऱ्हायली."

साहेबांनी कारकुनाकडं बघितलं आणि चष्मा सरळ केला. "काय खोड आहे?"

"बहिणीच्या ताटातली भाकर उचलून खातो. ल्हानपणापास्नं. खाताना माज्याच पाठीला पाठ लावून बसायचा, म्हंजे आईला दिसू नये."

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. "पण कामाला चांगला आहे तो, बाई."

"कवड्या बी नांगराला चांगला हाय. पर कापाड खातो."

कवड्या कोण, हे साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. "मुकादमाचं आता काही होत नाही. त्याचं नाव मुंबईच्या मोठ्या कचेरीला गेलंय," ते म्हणाले. मग बाई जात नाही आणि पाटीही उतरवत नाही असं बघून म्हणाले, "तुमचा तो मुलगा. त्या दिवशी चालून दाखवलेला. त्याला खरंच काही येतं का?"

"सातवी पास हाय."

"सातवी?" साहेबांनी चळतीतनं दत्तोबाचा कागद काढला, पुढनं बघितला, मागनं बघितला. "हे लिहिलंय कुठं?"

"झाकून ठिवलंय."

"का?"

"बाजाराची रीत हाय म्हणं."

साहेबांनी तो कागद खाली ठेवला. टाइम ऑफिसात हजेरी लिहायला माणूस हवा होता. ती जागा घरटीतली नव्हती, ज्याला लिहिता येईल त्याची होती.

"सोमवारी सकाळी त्याला पाठवा," ते म्हणाले. "दाखला आणि अर्ज घेऊन. अर्ज त्याच्या हातचा, मामाच्या नको. आणि दाखला हातात नसेल तर येऊ नका, मुंबईचे लोक माझं ऐकत नाहीत. दुपारी मी पुण्याच्या एका मुलाला बोलावलंय."

त्या दिवशी मंजुळाबाईनं सगळ्यांपेक्षा जास्त पाट्या टाकल्या आणि शिटीकडं एकदाही बघितलं नाही.

सयाजीनं अर्ज लिहिला. नाव, गाव, रान गेल्याचं, सातवी पास, काम मिळावं. मालोजीनं वाचून घेतला.

"तंबाखूला गेला त्योच का ह्यो?"

"त्योच."

"खोड लिवली न्हाईस?"

"न्हाई."

मंजुळाबाईनं सदरा धुतला, वाळवला, तांब्यानं इस्त्री केली आणि रविवारी संध्याकाळी पडवीत दारामागच्या खुंटीला अडकवला. अर्ज आणि दाखला तिनं आपल्या हातानं सदऱ्याच्या खिशात घातले, म्हणजे सकाळच्या घाईत विसरायला नको.

दिवेलागणीला दत्तोबा आला. हातात कॅम्पातल्या शेवेचा पुडा होता. त्यानं खाकी कोट काढून दारामागं अडकवला आणि बहिणीजवळ न बसता उंबऱ्याच्या अलीकडंच बसला. कुणी ये म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. मंजुळाबाईनं ताट त्याच्यापुढं सरकवलं, ते इतक्या जोरात की आमटी सांडली.

दत्तोबानं दोन घास खाल्ले.

"आक्का, खुरकुतानं निम्मी जनावरं मेली तिकडं," तो म्हणाला. "परवा चाकणला जाऊन आलो. बाजारात गवात उगवलंय. तिथं हुबा ऱ्हायलो तर एक माणूस म्हणला, कोण पायजे? म्या म्हणलं, कोण न्हाई." त्यानं ताट बाजूला सरकवलं. "साहेबानं खुर्ची दिली, आक्का. मी भुललो."

"शेव घिऊन जा," मंजुळाबाई म्हणाली. "दाढ दुखंल आमची."

मालोजीनं भिंतीकडं तोंड केलं. दत्तोबाला पहाटेच्या शिफ्टला जायचं होतं आणि आता अंधारात चिंचवडला कुठं जाणार, म्हणून तो पडवीतच उपरणं पांघरून आडवा झाला. बाकीचे आत निजले.

पहाटे धुकं पडलं होतं. दत्तोबा उठला तेव्हा अंगणात कवड्या कुडकुडत उभा होता, पाठीवरनं दव गळत होतं. बाजारात आयुष्य गेलं असलं तरी जनावर थंडीत उभं राहिलेलं त्याला बघवायचं नाही. दव लागून खुरकूत लागायला नको, असंही त्याच्या मनात आलं असेल. या घराचं आपण काही देणं लागतो, असंही आलं असेल. त्यानं कवड्याला सोडलं आणि पडवीत आणलं. कवड्या कापड खातो हे तो विसरला नव्हता. त्यानं अंधारात दांडी चाचपली, दांडी रिकामी होती. खुंटीवर त्याचाच कोट होता. तो त्यानं काढून अंगात घातला. मग कवड्याला मेढीच्या खांबाला बांधलं, बसता-उठता यावं म्हणून कासरा जरा लांब सोडला, कुणाला न उठवता दार ओढून घेतलं आणि कामावर गेला.

कोटाखाली सदरा होता.

तांबडं फुटताना मंजुळाबाई पडवीत आली. खुंटीखाली एक बाही आणि तीन गुंड्या पडल्या होत्या. खिसा नव्हता. सयाजी उठून आला तेव्हा कवड्या खाली बसून रवंथ करत होता.